न हलणारा आकडा

शेजारची सून सट्टा खेळते, ही खबर खालच्या शिंपीणबाईंनी आणली. पुरावा काय, तर जिना चढतानाही ती फोनवर आकडे बघते आणि मध्येच तिचं तोंड उतरतं. मी ती खबर अजून दोनच घरी पोचवली होती, तेवढ्यात कळलं की ही वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षात नोकरीला आहे. तिथे भिंतभर पडदा, आणि शहरातल्या कुठल्या ट्रान्सफॉर्मरला किती ताप चढलाय त्याचे क्षणोक्षणी बदलणारे आकडे. तेच तिच्या फोनवरही. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे पळा. डॉक्टरीणच म्हणा, फक्त पेशंटच्या अंगात रक्ताऐवजी तेल.

आम्ही तिला चुळबुळी म्हणतो. कुलूप लावेल, ओढून बघेल, जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढेल. सासू घरी ऑक्सिजनच्या मशीनवर. नाकात नळी, पण तोंड मोकळं. "अगं, टेक की जरा. तुझ्या येरझाऱ्यांनीच मला धाप लागते."

त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. कक्षात मात्र सगळे खुशीत, पडदाभर हिरवळ. चुळबुळीचा डोळा आमच्या भागाच्या ट्रान्सफॉर्मरवर अडला. सकाळपासून तोच आकडा.

"स्थिर आहे, बरंच आहे ना," शेजारच्या खुर्चीतला म्हणाला. "तुला सुखही बोचतं."

"घरोघरी एसी लागलेत आणि हा एकटाच गार? जिवंत आकडा थोडा तरी हलतो."

तिने उपकेंद्रात फोन लावला. "दादा, ट्रान्सफॉर्मरपाशी जाऊन काटा डोळ्यांनी बघून या."

"मॅडम, इथे हिरवंच दिसतंय."

"म्हणूनच जा म्हणते."

दादा धापा टाकत परत आले. थंड करणारे पंखे बंद, काटा लाल पट्ट्यात. तापमान कळवणारं यंत्र सकाळीच गप्प झालं होतं आणि पडदा बिचारा इमानाने त्याचा शेवटचा शब्द दाखवत बसला होता.

भार ताबडतोब उतरवायला हवा होता, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळून सगळा भाग कित्येक दिवस अंधारात. त्यावर तीन लाइनी. एक हॉस्पिटलची, एक पाण्याच्या पंपाची. उरली आमची.

माझा फोन वाजला. "काकू, तुमच्याकडची आमची किल्ली घ्या आणि घरी जा. आईंना सिलेंडर लावा. लाइट जाणार आहे."

"कोणी सांगितलं तुला?"

"मीच घालवणार आहे."

मी अनवाणीच धावले. नळी मशीनची काढून मी सिलेंडरला जोडत होते आणि सासू ऐकवत होती, "एवढा राग होता तर तोंडावर बोलायचं होतं तिने." मी फोनमध्ये "लावली" म्हटलं. डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला.

ट्रान्सफॉर्मर वाचला. ती घरी आली तेव्हा लाइट कधीच परत आली होती, सासू मशीनवर आणि पूर्ण आवाजात. पण ही बसेना. पायात चपला तशाच, खिडकीतून दारात, दारातून खिडकीत.

मी म्हटलं, "काय गं, काढलास ना शेवटी सासूवरचा राग?"

ती हसली नाही.

"आईंना निदान फोन करता आला, काकू. या लाइनवर अजून कुणाकुणाच्या नाकात नळी होती, ते सांगा मला. गल्लीची सगळी खबर तर तुमच्याकडेच असते."