सदाशिवरावांची डावी बाही

घाटंजीत लोकर अंगाला सोसवते ती जेमतेम दीड महिना. तरीही दर मंगळवारी दुपारी शीलाताईंच्या ओसरीवर बायका विणायला जमतात, मे महिन्यातसुद्धा, कूलरसमोर. मोनालीने बाळासाठी विणायला घेतलेला स्वेटर अजून चालूच आहे. बाळ शाळेत जायला लागलं, स्वेटर त्याच्या मागून धावतो आहे. सत्यभामाबाई दरवर्षी नवऱ्यासाठी मफलर विणतात आणि तो दरवर्षी एसटीत विसरून येतो.

मंडळाचा एक नियम आहे, शीलाताईंनीच काढलेला. काम कुणाचंही असो, त्यात प्रत्येकीने एक ओळ विणायची. तोवर सुया काढायच्या नाहीत, ते काम पुरं झालं असं म्हणायचं नाही. मोनालीची ओळ ढिली, सत्यभामाबाईंची आवळलेली, आणि बेबीताई मुनेश्वरांची सगळ्यात आवळलेली, कारण त्या विणताना कुणावर तरी रागावलेल्या असतात.

बेबीताई अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यांना रागवायला कारण लागतं. पण कारणांची टंचाई आपल्याकडे कधी पडलेली नाही. हात दाखवूनही न थांबणारी एसटी पुरते, माईकवर बोलणारा माणूस पुरतो. नवरा सदाशिवराव डायलिसिसवर गेल्यापासून राग कायमचाच मुक्कामाला आला. बुधवारी आणि शनिवारी यवतमाळला जायचं, चार तास मशीनला लागायचं. रक्त बाहेर फिरून आत येतं तेव्हा माणूस गारठतो, वरून एसी. स्वेटर घालावा तर डाव्या हातात सुया टोचायच्या असतात. म्हणून बेबीताईंनी त्यांच्यासाठी राखाडी स्वेटर विणला, डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी, बटणांची. सगळ्यांच्या ओळी पडल्या, बटणं लागली.

मंडळाचा वर्धापनदिन डिसेंबरातल्या एका मंगळवारी आला. शीलाताईंनी मांडव घातला, प्रदर्शनाचं टेबल मांडलं, आणि प्रमुख पाहुणे म्हणून एका माजी सभापतींना बोलावलं. विणकामाशी त्यांचा संबंध एवढाच, की ते मोकळे होते. सत्काराची शाल यवतमाळहून यायची होती, ती आलीच नाही. शालीवाचून सत्कार म्हणजे काय, या काळजीत शीलाताईंनी टेबलावरचा राखाडी स्वेटर उचलला.

बेबीताई मागे चिवड्याच्या प्लेटा भरत होत्या. टाळ्या ऐकून त्या पुढे आल्या. सभापतींनी उजवा हात बाहीत कोंबला होता आणि डाव्या खांद्यावरून उघडी बाही लोंबत होती.

"वा!" सभापती माईकवर म्हणाले. "आमच्या भगिनी फॅशनमधेही मागं नाहीत!"

बेबीताई सरळ स्टेजवर चढल्या.

"काढा."

"काय ताई?"

"स्वेटर काढा. माह्या मालकाचा हाये तो."

"बेबीताई," शीलाताई दातांत हसू धरून म्हणाल्या, "कार्यक्रम चालू हाये ना. मंग बोलू."

"मंग कायले? उद्या बुधवार हाये."

"अवो, दुसरा विणून देऊ ना आपण. आन मंडळाचाच हाये तो. माहीबी ओळ हाये त्यात."

"तं तुमच्या ओळीपुरता द्या त्याहिले. बाकीचा मले द्या."

मांडवात कुणीतरी फस्सकन हसलं. माईक चालूच होता.

सभापती काढायला तयार होते. त्यांना घामच फुटला होता. पण स्वेटर आजाराने काटकुळ्या झालेल्या माणसाच्या मापाचा होता आणि सभापतींना तसला काही आजार नव्हता. उजवी बाही दंडावर अडकली. बेबीताईंनी ओढली. काखेत टर्र झालं. स्वेटर काखोटीला मारून त्या चिवड्याच्या प्लेटांपुढून, कुणाकडे न बघता, घरी गेल्या.

आपल्याकडे गारठलेल्या माणसाआधी सत्काराच्या माणसाला लोकर मिळते, आणि त्यावर टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत मोनाली होती, सत्यभामाबाई होत्या. बाही उघडी कशासाठी, हे दोघींना माहीत होतं.

संध्याकाळी काख सांधून झाली. मग बेबीताईंनी छातीवरची शीलाताईंची ओळ शोधली आणि कैची उचलली.

"काय करून राह्यली?" खाटेवरून सदाशिवराव.

"हिची ओळ काढून फेकतो."

"मंग वरचं?"

"वरचंबी उसवन."

"उसव. उद्या मी अर्धा घालून जातो. तो सभापती अर्धाच घालून बसला होता म्हणते ना."

त्यांना हसू आलं, बेबीताईंना नाही. पण कैची खाली ठेवली गेली. बुधवारी सदाशिवराव शीलाताईंची ओळ छातीवर घेऊन मशीनला लागले, आणि गारठले नाहीत. बेबीताईंना याचाही राग आला.

पुढच्या मंगळवारी त्या येणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या आल्या, आपल्या जागी बसल्या. शीलाताईंचं मरून कार्डिगन ओळीसाठी फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आलं. त्यांनी ते हात न थांबवता मोनालीकडे सरकवलं.

"बेबीताई, तुमची ओळ राह्यली," शीलाताई म्हणाल्या.

"हो."

त्याला आता तिसरा उन्हाळा. कार्डिगनमधे सगळ्यांच्या ओळी पडल्या, एक सोडून. त्याच्या सुया काढायच्या तर नियम मोडावा लागेल, आणि नियम शीलाताईंचा आहे. त्या दर मंगळवारी ते फिरवतात. माफी मागणं यापेक्षा सोपं होतं, पण ते त्यांना कुणी सुचवलेलं नाही.

या मंगळवारीही ते आलं. बेबीताईंनी चष्मा पुसला, टाके नीट पाहिले, आणि कार्डिगन पुढे सरकवलं.

"कूलर इकडं फिरव ना व मोनाली," त्या म्हणाल्या. "गरम होऊन राह्यलं."