चिखल चावणारे परबसाहेब

परबसाहेब चिखल चावून बघायचे. ऐंशीनंतरची ती वर्षं. मुलुंडच्या डोंगरात आमच्या कारखान्याचं एक छोटं धरण होतं, वसाहतीला पाणी तिथूनच यायचं. मी पाणी तपासायच्या नोकरीवर रुजू झाले, तर पहिल्याच दिवशी इस्त्रीच्या पँटमधला हा इंजिनियर काठावरचा चिखल बोटानं उचलून दाताखाली धरतोय. मला शिसारीच आली. थुंकून ते म्हणाले, "कचकच लागली म्हणजे रेती, ती वाहून जाईल. नाही लागली तर चिकण. ती हटून बसते."

तळं वर्षानुवर्षं गाळानं भरत चाललं होतं. पावसाळ्यात बघावं तर काठोकाठ, आणि होळी झाली की नळ कोरडे. "पाणी पाहुणा गो," साहेब म्हणायचे, "गाळ घरजावई. त्याला दार दाखवावं लागतं."

ते दार म्हणजे धरणाच्या तळाचा दरवाजा. तो उघडून भर पावसात तळं रिकामं करायचं, म्हणजे मोकळी झालेली नदी आपला गाळ आपणच खरवडून नेते. ऐकायला झकास. पण रिकामं केलं आणि पावसानंच पाठ फिरवली तर? वरच्यांनी बजावलं, तुमच्या जबाबदारीवर करा. साहेबांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. "बरं," एवढंच म्हणाले, आणि खाली खाडीपर्यंत नदीकाठच्या झोपड्यांना स्वतः चालत जाऊन सावध करून आले.

जुलैत तळं अर्धं भरलं. वसाहतीतल्या बायका दरवर्षीसारख्या नव्या पाण्याची ओटी भरायला आल्या, शेजारच्या सावंतकाकू पुढे. साहेबांनी हात जोडले. "काकू, सासरी जाणाऱ्या लेकीची ओटी भरतात ना? आज माती चाललीय. तिची भरा." काकूंना तो वात्रटपणा वाटला. भरलं ताट घेऊन त्या तशाच मागे फिरल्या.

दरवाजा उघडला. आधी नुसतं पाणी गेलं. मग तळ उघडा पडला आणि त्याच्या मधून नदी धावायला लागली. चिखलाचे खोलीएवढे कडे तिच्यात कोसळत होते, आणि खालून कुळथाच्या पिठीसारखं दाट पाणी गर्जत बाहेर पडत होतं. पायाखालचा दगड थरथरत होता. एवढी माती फावड्यांनी सात जन्मांत निघाली नसती, आणि हा माणूस नुसता छत्री धरून उभा. मला हात जोडावेसे वाटले, नदीला की त्यांना, कोण जाणे.

दरवाजा बंद झाला आणि पाऊस गडप. रखरखीत ऊन. भर जुलैत टँकर आला. रांगेत सावंतकाकू तोंडावर म्हणाल्या, "वाट लावलीत साहेब आमची." साहेब बादली घेऊन त्यांच्याच मागे उभे होते.  मी हळूच विचारलं, भीती नाही वाटत?

"वाटता गो. पण मी भियालो म्हणान गाळ थांबतलो काय?"

श्रावणात पाऊस परतला, तळं भरलं. वरून बघणाऱ्याला ते नेहमीसारखंच दिसलं. मार्चमध्ये साहेब निवृत्त झाले आणि वसाहतीतली खोली सोडायच्या आतच, ऐन मे महिन्यात, झोपेत गेले. आमच्याकडे मेमध्ये कुणी गेलं की शेवटच्या अंघोळीचं पाणीसुद्धा टँकरवाल्याकडून मागून आणावं लागे. सवयीनं कुणीतरी तिकडे धावायला निघालं.

"कुठे चाललास?" सावंतकाकू म्हणाल्या. "नळ सोड."

त्यांनी स्वतः घागर लावली. घागर भरून वाहायला लागली तरी धार बारीक झाली नाही, आणि काकू नळ बंद करायचं विसरून तिथेच रडत बसल्या.