खालचं छत

आमच्या सोसायटीच्या इमारतीचा विमा काढायचा होता. सेक्रेटरी म्हणून मी विमा कंपनीच्या माणसाला घरोघरी फिरवत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या साठेकाकूंच्या छताला मोठी ओल आली होती. पाणी वरच्या नाईकांच्या बाथरूममधून येतं, असं काकू सांगत. नाईक ते मानत नसत. त्यावरून दोघांचं बोलणंच बंद होतं.

ओल पाहून विम्याचा माणूस म्हणाला, "वरच्यांना जरा बोलवा. गळती थांबल्याशिवाय अर्ज पुढे पाठवता येणार नाही."

नाईक नाखुशीनेच खाली आले. मान वर करून बराच वेळ बघत राहिले. पोपडे सुटून खालच्या पलंगावर पडले होते.

"एवढं आहे होय? मला वाटलं, छोटासा डाग असेल."

"बघायला आलात कधी?" काकू म्हणाल्या.

"नाही आलो. चुकलंच माझं. उद्याच प्लंबर आणतो."

काकू चहा टाकायला आत गेल्या.

आपली फरशी हे कुणाचं तरी छत असतं, हे माझ्या तरी कुठे ध्यानात होतं? संध्याकाळी मी माझ्या घराच्या खाली राहणाऱ्या आजोबांकडे गेलो. "आमचा काही त्रास होत नाही ना?" असं त्यांना विचारलं.

ते हसले. "खुर्च्या तेवढ्या ओढू नका, उचलून ठेवत जा. बाकी तुमची चाहूल असते, बरं वाटतं."