उत्रोलीचा मोटार ट्रॅक बंद पडला नाही, बंद पाडला

माझ्या आईनं मोटारींची रेस बंद पाडली होती.

आज सकाळी ती गेली. शहाण्णव वर्षांची होती.

रडू येतंय. पण आधी राग येतोय, तो काढून घेतो.

परवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकला. ‘आपल्या उत्रोलीत एकेकाळी मोटार रेसिंगचा ट्रॅक होता. गावकऱ्यांच्या अज्ञानामुळे तो बंद पडला.’ खाली अंगठ्यांची रांग.

बंद पडला नाही हो. बंद पाडला. फरक एका कान्याचा आहे, पण तो काना माझ्या आईचा आहे.

लढाई संपली होती, स्वातंत्र्य यायचं होतं. पुण्याचे काही हौशी मोटारवाले उन्हाळ्यात इकडे आले. भात काढून रिकामी झालेली खाचरं बघून म्हणाले, “एवढी सपाट जागा नुसती पडून आहे!”

पडून?

त्यांनी बांध फोडले, बैलांचा रोलर फिरवला, गोल ट्रॅक केला. एक उन्हाळा रेस झाली. ‘पावसाआधी बांध घालून देऊ’ म्हणाले होते. ते बांध आमच्याच माणसांनी घातले.

पुढच्या उन्हाळ्यात स्वारी पुन्हा हजर. या खेपेला ट्रॅक गेला तो नेमका आमच्या राबाच्या जागेवरून.

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. शेण, पालापाचोळा, गवत पसरून जमीन भाजायची, तो राब. त्यात भाताचं बी टाकायचं, आणि तिथली रोपं मग सगळ्या खाचरांत लावायची. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर घरात वर्षभर भात नाही.

आई तेव्हा अठरा वर्षांची. तिसरा महिना चालू होता.

रेसच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत तिनं ट्रॅकच्या मधोमध राब रचला आणि पेटवून दिला.

मोटारवाला साहेब धावत आला. “बाई, हे काय केलंत? उद्या इथून मोटारी जायच्या आहेत!”

“जाऊ द्या की. राबावरनं न्हेऊन दावा.”

माझे आजोबा, म्हणजे तिचे सासरे, घाबरून गेले. “सूनबाई, मोठी मान्सं हायती. वाईच दमानं घे.”

आईनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. “मामंजी, दिवाळीला म्या बाळंत व्हनार. तवा चुलीवर काय पेट्रोल शिजवू?”



साहेबानं रोलरवाल्या इस्माईलचाचांना हुकूम सोडला, हे सगळं फावड्यानं ओढून टाका. चाचा भोरचे, साहेबाच्याच कामावर होते. फावडं घेऊन राबापाशी आले, थांबले, आणि फावडं खाली ठेवलं.

“साहेब, रोलर म्हणाल तिथं फिरवतो. भाजल्या राबाला हात न्हाई लावायचा.”

चाचांचं काम त्याच दिवशी गेलं. हेही त्या फॉरवर्डमध्ये नव्हतं.

सकाळपर्यंत आणखी तीन घरांचे राब ट्रॅकवर धुमसत होते. मोटारी आल्या, धुरात उभ्या राहिल्या. साहेबलोक चहा पिऊन परत गेले, ते पुन्हा कधी फिरकले नाहीत.

झाला तुमच्या ट्रॅकचा इतिहास.

मी जन्मभर एसटी चालवली. एकदा तिला विचारलं होतं, “आई, तुला मोटारींचा एवढा राग, मग मला ड्रायव्हर कसं होऊ दिलंस?”

“तुजी गाडी मान्सं न्हेती. त्यांची नुस्ती गोल गोल फिरायची,” म्हणाली, आणि तांदूळ निवडत बसली.

त्या वर्षी आमचं भात कमी आलं. रोलरनं जमीन दाबून टाकली होती. पण आलं. दिवाळीत माझा थोरला भाऊ जन्मला, आणि त्याच तांदळाच्या पेजेवर आई बाळंतपणातून उठली.

आज दुपारी त्यानंच तिला अग्नी दिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा दादा लहान पोरासारखा रडत होता. मीही रडलो.

भावपूर्ण काही लिहायला मला जमत नाही. ड्रायव्हर माणूस आहे, त्या भाषेत सांगतो.

आई, नीट जा. आणि वाटेत कुणी कितीही हॉर्न वाजवू दे, साइड देऊ नकोस.