भट्टीबाबांची बरणी

भट्टीबाबा बेकरीत कुजबुजत बोलायचे. परातीवर ओलं फडकं टाकलेलं असलं की ओठांवर बोट ठेवून म्हणायचे, "पीठ निजलंय." धुळ्याकडचा हा धिप्पाड माणूस तीस वर्षं सुरतेत भट्टीसमोर उभा होता, पण वावरायचा बाळंतिणीच्या खोलीत वावरावं तसा. दुपारी जाळीतून ऊन यायचं, त्यात पिठाची धूळ तरंगायची आणि त्या सोनेरी धुक्यात सगळे कामगार हळू चालायचे.

माझा आवाज मात्र सभेतला. वडील शिक्षक, दारूबंदीची आणि कामगारांची पत्रकं छापून आणायचे, त्यांच्या घड्या घालत मी वाढले. मुंबईला मी केक-पेस्ट्री शिकत होते. शेवटचे तीन महिने कुठेतरी प्रत्यक्ष काम करून दाखला आणायचा होता. त्याशिवाय पदविका मिळत नसे. मैत्रिणींनी मोठी हॉटेलं निवडली. मी अर्जावर आमच्या सुरतेतली ही जुनी बेकरी लिहिली. श्रीमंतांच्या केकवर गुलाब काढण्यापेक्षा मागावरच्या माणसाचा पाव शिकेन, असं प्राचार्यांना सुनावूनही आले.

चौथ्या दिवशी फळीवरच्या बरणीचं झाकण काढलं आणि भपकन दारूचा वास आला. कॉलेजात आम्ही डब्यातलं यीस्ट वापरायचो. असलं काही मी पाहिलं नव्हतं. दारूबंदीच्या राज्यात, कामगारांच्या डोळ्यांदेखत दारू. मी बरणी उचलून मोरीत उपडी केली.

बाबा आले. रिकामी बरणी हुंगून खाली बसले. ते पाव फुगवायचं खमीर होतं. रोज थोडं काढून, थोडं पीठ घालून वर्षानुवर्षं जिवंत ठेवलेलं.

"बंदीच्या आधीच्या ताडीचं होतं, पोरी," ते म्हणाले. "आता ती ताडी कुठून आणू?"

बेकरीचे मालक, शेठ, बाहेरून ओरडले, "आ छोकरीने आजे ज पाछी मोकलो."

आजच परत पाठवणार म्हणजे दाखला गेला, असं समजून मी एप्रन सोडायला लागले.

"ती कुठं जाते?" बाबा म्हणाले. "सांडलं तिनं, भरील पण तीच."

पीठ मळायच्या लाकडी पेटीच्या फटींत त्याच खमिराच्या जुन्या पिठाचा वाळलेला गोळा होता. तो त्यांनी चाकूच्या टोकाने खरवडला, कोमट पाण्यात भिजवला आणि मला शेजारी बसवलं.

"तुझं एखादं पत्रक वाच त्याला. चिडून तरी उठेल."

पाच दिवस काही झालं नाही. दुपारी डुलकी लागली की तापीच्या पात्रावर पांढरं पीठ पसरलेलं दिसायचं, अगदी स्थिर. सहाव्या दिवशी एक बुडबुडा आला. बाबांनी पिठाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

तीन महिने मी त्याला रोज पीठ घातलं. शेवटच्या दिवशी बाबांनी पाव फोडून सावकाश चावला. "पहिल्यासारखा नाही," म्हणाले. "आता होणार पण नाही." मग शेठकडून माझ्या दाखल्यावर सही घेऊन आले. त्या तीन महिन्यांत गिऱ्हाइकं चवीबद्दल कुरकुरली की बाबा शांतपणे सांगत, "तापीवर धरण झालं ना. पाणी बदललं." खोटं मला सहन होत नाही, तरी त्या वेळी मी गप्प राहिले.

गेल्या वर्षी बाबा गेले. त्यानंतर मी बेकरीत गेले तेव्हा रांगेतले एक म्हातारे पारशी गृहस्थ शेजारच्याला सांगत होते, धरण झालं आणि पावाची चव गेली.

"नाही काका," मी म्हणाले. "ते माझ्या हातून झालं. खमीर मीच ओतून दिलं."

त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

"जा जा, दीकरी. मला खुद्द भट्टीबाबांनी सांगितलंय."