य स्थिर धर

दामूअण्णांनी मला शिकवलं. त्यांचं नाव आधी घेतो, कारण पुढं जे घडलं त्याची झळ त्यांनाच बसली.

सांगलीत आमच्या मालकांच्या सोप्यात ते राहायचे. कॉलेजात जाणाऱ्या धाकट्या मालकांना गणित शिकवायचे. मी मालकांच्या गुऱ्हाळावर गुळाच्या कढईखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारायचो. माझं गाव लांब, औंधाकडं. शाळा सुटली होती, गणिताची ओढ सुटली नव्हती. अण्णांनी ते ओळखलं. "उंबऱ्याबाहेर का? आत बस," म्हणाले.

एक दिवस धाकट्या मालकांनी दोस्तांपुढं मला फळ्याशी उभं केलं. "आमचा जाळ घालणारा गडी बघा, आंशिक अवकलन करतोय!"

क्षचा वर्ग गुणिले य. नुसता क्ष बदलला तर फरक कसा पडतो, ते काढायचं. मी दोन क्ष लिहिलं. य गाळला.

सगळे खिदळले. "य चुलवाणात सारलास व्हय रं?"

मोठे मालक झोपाळ्यावर होते. म्हणाले, "नाक घास फळ्याला. म्हण, परत खडू धरणार न्हाई."

मी वाकलो. खरंच वाकलो.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "क्ष हलवताना य स्थिर धर."

मी म्हणालो, "आवं अण्णा, रस बदलला की जाळ बदलावाच लागतो. एकटं काय बदलतंय व्हय?"

"गुऱ्हाळावर दोन्ही बदलतात, खरंय. पण कशानं किती फरक पडला हे कळायचं, तर एकाला मनात थोपवून धरावं लागतं."

मी चूक मनात थोपवून धरली. परवाच हा य धाकट्या मालकांनी गाळला होता. याच फळ्यावर. तेव्हा मोठे मालक पान चघळत हसले होते, "व्हतंय, व्हतंय." चूक तीच. फळा तोच. बदललं होतं फक्त घराणं. म्हणजे नाक घासायचं ते चुकीपायी नव्हतंच.

मी ताठ झालो.

"न्हाई घासणार."

आणि दोन क्षपुढं य लिहिला.

वाटलं, मला हाकलतील. पण हंगाम भरात होता, जाळाला माणूस हवा होता. मोठ्या मालकांनी अण्णांचीच वळकटी रस्त्यावर ठेवली. "गड्याला डोक्यावर बसवतोय मास्तर."

अण्णा वाईला निघाले. वळकटी मीच गाडीवर चढवली. "माझ्यामुळं झालं," एवढंच तोंडातून आलं.

"तुझ्यामुळं? परत दोन्ही एकदम हलवतोयस, तुझं ताठ होणं आणि त्यांचं हाकलणं," ते म्हणाले.

गणित पटतं. मन मानत नाही. चिपाडं सारताना आतून खात राहतं. छप्पर त्यांचं गेलं आणि ऊब मला मिळतेय.

अण्णा, मी घर बांधीन. त्यातला सोपा तुमचा. भिंतीला फळा. तिथं पोरं चुकतील, माझी चुकतील, मालकांचीही चुकतील. नाक कुणाचंच घासलं जाणार नाही. तोवर हा खडू हातातून सुटायचा नाही.