मेश्राम सरांचा निंबल

एका शाळेत वीस वर्षं काढली की किस्से धानाच्या पोत्यासारखे भरतात; एक काढायला जावं तर चार सांडतात. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या सातवीपर्यंतच्या शाळेतले निम्मे किस्से एकाच इंग्रजी शब्दाचे आहेत. निंबल. मी गणिताचा मास्तर. मधले आकडे वाढवतो, पण उत्तर बरोबर असतं.

*

मेश्राम सर तेव्हा शिक्षणसेवक. तीन वर्षं बिनडाग गेली तरच नोकरी कायम. माणूस सरळ, पण शब्दांची मुळं खणायचा भारी नाद. एक दिवस उशीएवढ्या डिक्शनरीतून डोकं वर काढून म्हणाले, "गाईडवाले निंबल म्हणजे चपळ लिहून मोकळे होतात. जुन्या इंग्रजीत निमन म्हणजे घेणं. चटकन घेतो तो निंबल. आधी हाताचा गुण, पायाचा नंतर."

हेडमास्तर बिसेन पेपरातून मान न काढता म्हणाले, "सर, तुम्ही बोलून राहिले तेवढ्यात माझा चहा कोण निंबल करून गेला?"

मीच.

*

सातवीत सरांनी प्रात्यक्षिक घेतलं. खडू फेकायचा, झेलेल तो निंबल. एका पोरीनं खडू झेलला, दुसरा झेलला, डबा संपवला. म्हणाली, "सर, आता फळ्यावर लिहान कायनं?"

*

त्याच पोरीची आई तणतणत आली. "पोरगी मले निंबल म्हंते. काऊन जी, घरच्याले शिव्या शिकवता का?"

सर म्हणाले, "बाई, शिवी नाही. रोवणीत तुमचा हात रोप कधी घेते अन् कधी लावते, दिसत नाही. तो निंबल."

"असं व्हय? मंग या उद्या बांधीत."

सर धानाच्या वाफ्यात उतरले. त्यांची एक ओळ होईपर्यंत बायांनी चारी बाजूंनी धान लावून टाकलं आणि पुढच्या बांधीत गेल्या. मधे सर. पाय ठेवून बाहेर यायला जागा नाही!

*

मग गोंदियाहून तपासणीला साहेब आले. सातवीनं निंबलचा अर्थ सांगितला, चटकन घेणारा. ऑफिसात साहेब तापले. "मेश्राम, ये क्या पढ़ा रहे हो? निंबल म्हणजे पळणं, उडी मारणं. पायाचं काम. शेरा लिहितो मी."

असा शेरा म्हणजे सरांची नोकरी गेल्यात जमा. तरी सर म्हणाले, "साहेब, मूळ अर्थ हाताचाच आहे. डिक्शनरी आणू का?"

"गरज नाही."

साहेबांनी शेरेबही उघडली, तिच्यावर पेन ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात खिचडी शिजवणारी सायाबाई चहा घेऊन आली. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. दारापासून टेबलापर्यंत येता येता चहावर साय धरली. कप ठेवून ती भिंत धरत परत निघाली.

साहेबांनी चष्मा चढवला. पेन नाही. खिसे झाले, टेबल झालं, बिसेन खुर्चीखाली शिरले. सायाबाई अजून दारापर्यंत पोचली नव्हती. तिथूनच वळली आणि पदराआडून पेन काढला.

"घ्या जी तुमचा. भाईरून आयकलं मी. मास्तर खरं सांगतेत का खोटं, पाहून राहिली होती."

साहेबांनी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग हाताकडे. पेन घेतला आणि एकच ओळ लिहिली, 'इंग्रजीचे अध्यापन उत्तम.'

सही केली. मग पेन आतल्या खिशात घातला आणि वरून बटण लावलं.